जुने वस्तरे बफिंगच्या चाकावर देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातल्या जुन्या सामानात घडीचा वस्तरा सापडला, की तो आधी चकचकीत करून घ्यावा असे बहुतेकांना वाटते. कुणीतरी तो पॉलिशच्या चाकावर धरून देतो, दोन मिनिटांत पाते आरशासारखे होते आणि मालक खूश होतो. त्या दोन मिनिटांत त्या वस्तूचे जे नुकसान होते ते पुढे कुणालाही भरून काढता येत नाही. आम्ही काही जण अशा वस्तऱ्यांचा संग्रह करतो. ज्यांच्या हाती असा वस्तरा येईल त्यांना आमची कळकळीची विनंती आहे, की तो आधी नीट पाहावा आणि मगच त्याला हात लावावा. काय पाहायचे, कसे पाहायचे आणि साफसफाई किती करायची, हे सांगण्यासाठी हे पत्र थोडे लांबवत आहोत.

आमच्या आवडीचा विषय म्हणजे हॉलो ग्राउंड वस्तरा. त्याच्या पात्याचे दोन्ही गाल, म्हणजे दोन्ही बाजू, आत घेतलेले असतात. पाठ जाड असते, पाठीपासून धारेकडे येताना पोलाद खोलगट होत जाते, आणि धारेजवळ त्याची जाडी मिलिमीटरच्या अगदी थोड्या अंशाइतकी उरते. पाते संपून मुठीकडे जाणारा भाग म्हणजे मान. कारखान्याचे शिक्के बहुधा इथेच असतात. मानेपुढे बोट टेकवायला वर वळलेली शेपटी असते. मुठीच्या दोन पट्ट्या, त्यांच्यामधली पाचर, बिजागरीचा खिळा आणि त्यावरचे बारीक वॉशर धरले की वस्तरा पूर्ण झाला. मानेजवळच्या धारेला टाच म्हणतात आणि दुसऱ्या बाजूला टोक. टोक गोल, चौकोनी किंवा फ्रेंच पद्धतीने तिरपे उतरलेले असते.

अठराव्या शतकातले वस्तरे पाचरीसारखे होते. गाल सपाट किंवा किंचित खोल, आणि शेपटी नसलेली किंवा अगदी आखूड. इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवायची पद्धत बसवली आणि एकसारख्या कणांचे, कडक पाणी घेणारे पोलाद मिळू लागले. मानेवर ‘कास्ट स्टील’ असा शिक्का दिसतो तो याच पोलादाचा. पुढे १८२० च्या सुमारास सुऱ्या-वस्तरे घडवणारे जेम्स स्टोडार्ट आणि शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी पोलादात अत्यल्प चांदी मिसळून प्रयोग केले, त्यानंतर ‘सिल्व्हर स्टील’ हा शिक्काही लोकप्रिय झाला. शिक्क्यावर चांदी आहे म्हणून पोलादात ती असेलच असे मात्र समजू नये, कारण नंतरच्या काळात ते बहुतांशी विक्रीचे नाव झाले होते.

गाल खोल घ्यायचे तर पोलाद चांगले हवे, आणि त्याहून चांगला हवा घासणारा कारागीर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन कारागिरांनी ही कला पूर्णत्वाला नेली. शेफिल्डच्या कारखान्यांनी आपली पाती हॅम्बुर्गला घासायला पाठवल्याच्या खुणा काही वस्तऱ्यांच्या शिक्क्यांतच वाचायला मिळतात. मग जर्मनीतले झोलिंगेन शहर या धंद्याचे मोठे केंद्र झाले. चाकाचा व्यास जितका लहान तितका गाल खोल. पात्याच्या दोन्ही बाजूंचे खळगे अगदी समोरासमोर आणि सारख्या खोलीचे यायला हवेत. एका बाजूला केसभर जास्त घासले गेले तर धार मध्यावर बसत नाही, आणि पाते वाकते किंवा थेट आरपार जाते. हे काम करणाऱ्यांनी मोठी किंमत मोजली आहे. शेफिल्डमध्ये वालुकाश्माच्या चाकावर कोरडी घासाई करणाऱ्यांची फुप्फुसे दगडाच्या धुळीने निकामी होत आणि अनेक जण तरुणपणीच जात. त्या हातांनी आणलेला गालांचा आकार आपण चाकावर धरून पुसून टाकावा हे आम्हाला पटत नाही.

खोलगटपणाचे प्रकार ढोबळमानाने पाव, अर्धा, पूर्ण आणि अतिखोल असे मोजले जातात. अतिखोल पात्यात एक नाजूक गोष्ट असते, ती भिंगाखाली जरूर पाहावी. गालाचा खळगा सरळ धारेपर्यंत जात नाही. धारेच्या थोडे अलीकडे पोलाद पुन्हा किंचित जाड होते आणि एक बारीक वरंबा तयार होतो. त्याच्या पलीकडे शेवटचा पातळ भाग. या वरंब्यामुळे इतके पातळ पाते दाढीच्या केसाला भिडल्यावर फडफडत नाही. उजेडाकडे पाते तिरपे धरून हळूहळू फिरवले, की वरंब्यावरून प्रकाशाची एक सरळ रेघ टाचेपासून टोकापर्यंत धावते. रेघ मध्येच तुटली किंवा नागमोडी झाली, तर घासाई मुळातच कच्ची आहे किंवा नंतर कुणीतरी तिथे पॉलिश पेपर चालवला आहे.

असे पाते दाढी करताना बारीक आवाज करते. पाचरीसारखा जाड वस्तरा जवळपास मुका असतो. हा आवाज म्हणजे दर्जाचे प्रमाणपत्र नव्हे. दाट आणि राठ दाढीसाठी अनेक जाणकार मुद्दाम पाव किंवा अर्धा खोल वस्तरा निवडतात, कारण जाड पाते केसापुढे वाकत नाही.

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या हिश्शात सांगतात. सर्वांत जास्त आढळतो तो ५/८, म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर. ६/८ म्हणजे १९ मिलिमीटर. ७/८ आणि ८/८ ही रुंद पाती कमी मिळतात, म्हणून त्यांना मागणी जास्त. शेफिल्डच्या वेड अँड बुचर या शिक्क्याची रुंद, भारदस्त पाती संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहेत ती याचसाठी.

आता चाकाबद्दल. बफिंगच्या चाकावर पाते धरले की पहिला घात उष्णतेचा. कार्बन पोलादाचा वस्तरा तांबडा करून, विझवून, मग साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास पुन्हा तापवलेला असतो. पाणी देणे म्हणतात ते हेच. २२० अंशांच्या सुमारास पोलादावर फिकट पिवळा रंग चढतो आणि ३०० च्या आसपास निळा. धारेजवळ पोलाद इतके पातळ असते, की चाकाचा एक जास्तीचा टेका तिथले तापमान क्षणात या रंगांपर्यंत नेतो. तिथले पाणी उतरले, की धार लागते पण टिकत नाही. निळा रंग नंतरच्या पॉलिशमध्ये निघूनही जातो, त्यामुळे घेणाऱ्याला काही कळत नाही. एकदा उतरलेले पाणी परत द्यायचे तर आख्खे पाते पुन्हा तापवून विझवावे लागेल, आणि इतके पातळ पाते त्यात वाकडे होते किंवा तडकते.

दुसरा घात आकाराचा. कापडी चाक कडा ओळखत नाही. पाठीच्या कडा गोल होतात, मानेवरचे शिक्के उथळ होतात आणि पात्यावरची आम्लाने कोरलेली नक्षी विरळ होते. नक्षीवर सोन्याचा मुलामा असेल तर तो पहिल्याच फेरीत जातो. तो थर इतका पातळ असतो, की हाताने लावलेल्या धातूच्या पॉलिशनेसुद्धा निघतो.

तिसरी गोष्ट संग्राहकालाच खटकते, पण ती महत्त्वाची आहे. मूळ घासाईच्या बारीक रेघा पाठीकडून धारेकडे जातात, कारण चाक त्याच दिशेने फिरत असते. हाताने पॉलिश पेपर मारणारा माणूस बहुधा टाचेकडून टोकाकडे, म्हणजे लांबीच्या दिशेने घासतो. जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पात्यावर लांबीच्या दिशेने रेघा दिसल्या तर त्यावर नंतर काम झाले आहे असे धरून चालावे. मूळ रेघा शाबूत असलेले, थोडे काळवंडलेले पाते आम्हाला आरशासारख्या पात्यापेक्षा कितीतरी मोलाचे वाटते.

वस्तरा हाती आल्यावर सर्वांत आधी तडा शोधावा. तडा असेल तर पुढच्या कुठल्याही मेहनतीला अर्थ नाही. वस्तरा उघडून मानेला हलके धरा आणि पाठीवर नखाने टिचकी मारा. खोल गालांचे निर्दोष पाते स्वच्छ, लांबणारा नाद देते. तडा गेलेले पाते बद्द वाजते. मुठीचा खिळा सैल असला तरी आवाज बिघडतो, म्हणून निव्वळ नादावर निकाल देऊ नये. यानंतर दहापटीचे भिंग घेऊन धारेपासून पाठीकडे जाणारी केसासारखी रेघ शोधा. तेलाचा एक थेंब पसरून पुसून टाका आणि काही मिनिटांनी परत पाहा. तड्यात शिरलेले तेल बारीक ओलसर रेघ होऊन बाहेर डोकावते. जुने ग्रंथकार नखाची परीक्षा सांगतात, म्हणजे धार अंगठ्याच्या नखावर सपाट टेकवून हलकेच दाबायची आणि पोलाद वाकताना वरची प्रकाशाची रेघ सरकताना पाहायची. पात्याची लवचीकता दाखवायला ही छान आहे, पण तड्याची शंका मिटल्याशिवाय ती करू नये. पाते नखावरच तुटू शकते. तडा गेलेला वस्तरा दुरुस्त होत नाही. दाढीला तर तो कधीच वापरू नये, कारण तडा वाढत जातो आणि तुकडा कधी उडेल याचा नेम नसतो.

मग धारेची रेषा. पाते पांढऱ्या कागदावर ठेवून वरून पाहा. धार सरळ असावी किंवा मध्ये किंचित बाहेर आलेली. मध्ये आत गेलेली असेल तर सपाट दगडावर फक्त टाच आणि टोकच टेकते, मधली धार कोरडीच राहते. ती सरळ करायची म्हणजे दोन्ही टोकांचे पोलाद घालवायचे, आणि त्यात पात्याची रुंदी जाते.

पाठीवर दगड लागून तयार झालेली चपटी पट्टी पाहा. वस्तऱ्याची रचना अशी, की दगडावर पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. पाठच धारेचा कोन ठरवते, वेगळे मोजमाप लागत नाही. वर्षानुवर्षांच्या वापराने पाठ आणि रुंदी दोन्ही बरोबरीने झिजली तर कोन जवळपास तोच राहतो, आणि ही योजना करणाऱ्याचे कौतुक वाटते. एकट्या पाठीची झीज मात्र वाईट. व्हर्नियरने पाठीची जाडी मोजा, धारेपासून पाठीच्या टेकणाऱ्या पट्टीपर्यंतची रुंदी मोजा, जाडीला रुंदीने भागा आणि ५७ ने गुणा. येणारा आकडा म्हणजे धारेचा कोन, अंशांत. पाठ साडेचार मिलिमीटर आणि रुंदी १६ मिलिमीटर असेल तर कोन सुमारे १६ अंश, म्हणजे उत्तम. पाठ झिजून ३.८ वर आली आणि रुंदी तीच राहिली, तर कोन साडेतेरावर येतो. अशी धार पहिल्या दाढीला मखमली लागते आणि लगेच तिचे सूक्ष्म टवके उडू लागतात. पाठीवर विजेच्या कामाची चिकटपट्टी एक पदर लावून दगडावर घेतले तर कोन साधारण एक अंशाने वाढतो. पाठीवर नक्षी किंवा मुलामा असेल तेव्हाही ही पट्टी लावावीच, आणि दगड बदलताना तीही बदलावी, कारण ती झिजते.

दोन्ही बाजूंच्या पाठीच्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या असाव्यात. एका बाजूला टाचेजवळ रुंद आणि दुसऱ्या बाजूला टोकाजवळ रुंद अशी तिरपी जोडी दिसली तर पाते पिळलेले आहे. असे पाते दाढी करू शकते, पण धार लावायला अनुभवी हात लागतो.

गंजाचे खड्डे गालावर असतील तर ते फक्त डोळ्यांना खुपतात. तेच धारेच्या पहिल्या एक-दोन मिलिमीटरमध्ये असतील तर दगडावर घेताना धार त्या खड्ड्यांपर्यंत पोहोचते आणि तिथे कुरतडल्यासारखी तुटते. धारेजवळचे काळे ठिपके बहुधा वरून दिसतात त्यापेक्षा खोल असतात.

वय ओळखायला शिक्के मदत करतात, पण सांभाळून. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यामुळे १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. मानेवर ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असेल तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा. देशाचे नाव नाही म्हणून तो त्याआधीचा, असे उलटे अनुमान चालत नाही, कारण इतर बाजारपेठांसाठी ते घालण्याची गरज नव्हती. मुकुटासह ‘व्ही आर’ असेल तर राणी व्हिक्टोरियाचा काळ, १८३७ ते १९०१. ‘डब्ल्यू आर’ म्हणजे चौथा विल्यम, १८३० ते १८३७. ‘जी आर’ मात्र फसवते, कारण जॉर्ज नावाचे राजे अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या अशा तिन्ही शतकांत होऊन गेले. तिथे शेपटीची लांबी आणि गालांची खोली पाहूनच ठरवावे लागते. जोसेफ रॉजर्सचा तारा आणि माल्टीज क्रॉस, वोस्टेनहोमचे ‘आय एक्स एल’, हेंकेल्सचे जुळे, बोकरचे झाड ही चिन्हे थोड्या सरावाने लांबूनही ओळखू येतात. झोलिंगेनच्या मालावर मात्र अमेरिकेतल्या आयात करणाऱ्या दुकानदारांची शेकडो नावे आढळतात. एकाच कारखान्याची पाती वेगवेगळ्या नावांनी विकली जात, त्यामुळे अनोळखी नाव म्हणजे हलका माल असे नाही. उलट अशाच नावांखाली फार सुंदर घासाई स्वस्तात मिळून जाते. स्वीडनच्या एस्किल्स्टुनाची आणि फ्रान्सच्या तिएरची पातीही या वेडात पडलेल्याने पाहायलाच हवीत.

साफसफाईची आमची पद्धत साधी आणि संथ आहे. धारेवर जाड चिकटपट्टी लावून बोटे सुरक्षित करा. पात्यावर हलके खनिज तेल सोडून ते एक दिवस मुरू द्या. दुसऱ्या दिवशी मऊ कापडाने पुसा. राहिलेला तांबडा गंज ०००० नंबरच्या स्टील वूलने, तेल ठेवूनच, पाठीकडून धारेकडे हलक्या हाताने घ्या. धारेकडून पाठीकडे हात चालवू नये, बोट कापते. काळा किंवा करडा थर स्थिर असतो, तो राहू द्यावा. सुटणारा, भुगा पडणारा तांबडा गंज तेवढा काढायचा. नक्षी असलेल्या बाजूला फक्त तेल आणि सुती कापड. लिंबू, व्हिनेगर, गंज काढायची आम्लयुक्त द्रावणे यांपासून दूर राहावे. आम्ल गंजाबरोबर चांगले पोलादही खाते, पाते करडे पडते आणि नक्षी पुसट होते. मुठीच्या पट्ट्यांमध्ये साबण आणि केस साचून घट्ट झालेले असतात. ते पाइप साफ करायच्या काडीने काढा, पात्याला लागून सुरी घालू नका. वस्तरा उकळत्या पाण्यात टाकणे हा आणखी एक प्रचलित अत्याचार आहे. त्याने शिंग फुगते, थर सुटतात आणि सेल्युलॉइड वाकते. वापरायचा असेल तर पाते ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून निर्जंतुक करावे, मुठीला ते लागू न देता.

मुठीमध्ये सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते ते सेल्युलॉइडला. अमेरिकेत १८७० च्या सुमारास हे बाजारात आले आणि हस्तिदंत, कासवाची पाठ, अंबर यांची नक्कल त्यात सहज होऊ लागली. त्याचा पाया नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. काळाच्या ओघात ते आतून विघटित होते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांची आम्लधर्मी वाफ सोडते. खुणा स्पष्ट असतात. कापराचा किंवा नाकात चढणारा आंबट वास, पृष्ठभागावर चिकट घाम, आत जाळीसारख्या भेगा, पितळी खिळ्यांभोवती हिरवा थर. आणि मुख्य म्हणजे पात्याचा जेवढा भाग मुठीत झाकला जातो नेमका तेवढ्याच भागावर दाट गंज. पारदर्शक आणि फिक्या रंगाच्या मुठी जास्त लवकर जातात. यावर उपाय नाही. मूठ काढून पाते वाचवायचे, एवढेच हाती असते. अशा मुठी बाकी संग्रहात एका पेटीत ठेवू नयेत, त्यांची वाफ शेजारच्या निरोगी पात्यांनाही खाते. हवाबंद डब्यात कोंडू नयेत आणि उष्णतेजवळ तर नाहीच. सेल्युलॉइड भडकन पेटते. ‘हस्तिदंत खरा आहे का’ हे पाहायला तापलेली सुई टोचण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो यामुळेच धोक्याचा आहे. त्याऐवजी भिंग घ्या. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात, म्हणजे पट्टीच्या टोकाला, एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघा दिसतात. सेल्युलॉइडमध्ये समांतर, एकसारख्या, छापल्यासारख्या रेघा असतात. हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीच्या वस्तूंच्या देशोदेशीच्या व्यापारावर सायटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराची कडक बंधने आहेत. अशा मुठीचा वस्तरा सीमेपलीकडून मागवण्याआधी कायदा पाहून घ्यावा.

शिंगाच्या मुठीला कीड लागते, कडेला कुरतडलेल्या चंद्रकोरी दिसतात. कोरडी पडली असेल तर नीट्सफूट तेलाचा, म्हणजे गुरांच्या पायांपासून काढलेल्या तेलाचा, हलका हात पुष्कळ. कठीण रबराची काळी मूठ उन्हाने तपकिरी होते, ती तशीच राहू द्यावी.

मूठ बदलायचीच असेल तर खिळ्याचे डोके बारीक कानसीने वॉशरपर्यंत सपाट करा आणि दीड मिलिमीटरच्या पंचाने खिळा हळू बाहेर काढा. खाली लाकडाचा आधार हवा, नाहीतर पट्टी फुटते. नवा खिळा १.६ मिलिमीटर पितळी तारेचा. वॉशरच्या वर दोन्ही बाजूंना साधारण पाऊण मिलिमीटर तार ठेवा आणि हलक्या, गोल तोंडाच्या हातोडीने खूप साऱ्या बारीक ठोक्यांनी डोके घडवा. जोराचा एक ठोका खिळा आतल्या आत वाकवतो आणि पाते एका पट्टीकडे झुकते. वस्तरा मिटताना धार पट्टीला घासली की टवका उडालाच म्हणून समजा. नुसता सैल झालेला जुना खिळा असेल तर दोन्ही बाजूंना आळीपाळीने चार-सहा हलके ठोके देऊन पाहावे, बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

धार लावण्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण संग्रहासाठी ती लागत नाही. सपाट केलेला १००० ग्रिटचा पाण्याचा दगड (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), मग ४०००, ८००० आणि शेवटी १२००० किंवा त्या तोडीचा बेल्जियन कोटिक्यूल हा नैसर्गिक दगड. धारेच्या उतारावर मार्करची शाई लावून दगडावर दोन हात मारा. शाई जिथे उरते तिथे दगड लागत नाही. १००० वर पूर्ण लांबीची शाई जाईपर्यंत पुढच्या दगडावर जाऊ नये. बहुतेकांची धार बिघडते ती इथल्या घाईने. हाताचा दाब वस्तऱ्याच्या वजनाइतकाच. खोल गालांचे पाते दाबले की लवते, धार दगडावरून उचलली जाते आणि झिजते फक्त पाठ. शेवटी कापडी पट्ट्यावर २० ते ३० आणि चामड्यावर ५० ते ६० फेऱ्या परजायचे, पाठ पुढे आणि धार मागे. वळवताना पाठ पट्ट्यावरच राहिली पाहिजे. ती उचलली तर धार गोल होते, धारेवरून वळवले तर पट्टा चिरतो.

दुरून छायाचित्रे पाहून वस्तरा घेणाऱ्यांनी पाच चित्रे मागावीत. दोन्ही गाल, वरून पाठ, पांढऱ्या कागदावर धारेची रेषा, आणि मिटलेला वस्तरा पट्ट्यांच्या फटीतून. शेवटचे चित्र द्यायला विक्रेते टाळाटाळ करतात आणि पाते मध्यावर मिटत नाही हे त्यातच कळते. तिरप्या उजेडातले एखादे चित्र मिळाले तर खड्डे आणि पॉलिश दोन्ही उघडे पडतात. मुठीवर एका कारखान्याचे चिन्ह आणि मानेवर दुसऱ्याचे असे जोडवस्तरे बाजारात खूप आहेत. वापरायला त्यात काही वाईट नाही, पण मूळ जोडी म्हणून विकणे चूक आहे. आठवड्याच्या सात वारांचे संच घेताना पाठीवरच्या वारांच्या नावांची अक्षरे, मानेचा आकार आणि रुंदी सातही पात्यांत जुळते का ते पाहावे. एखादे पाते बाहेरून आणून बसवलेले असते.

ठेवताना पात्यावर खनिज तेलाचा किंवा कॅमेलिया तेलाचा पुसट हात द्यावा. जेवणातली इतर तेले सुकून चिकट होतात. जो वस्तरा वापरायचा नाही त्यावर तेलाऐवजी मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावणे उत्तम. वस्तुसंग्रहालयेही हेच वापरतात. हवेतील आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहावी, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात आणि त्या वेळोवेळी सुकवाव्यात. पुठ्ठ्याच्या मूळ डब्या आणि चामड्याची म्याने जपावीत, पण वस्तऱ्यापासून वेगळी. पुठ्ठा आणि कातडे ओल धरतात आणि त्यांतले आम्ल पोलादाला डाग पाडते. प्रत्येक वस्तऱ्यासोबत एक चिठ्ठी ठेवावी: शिक्क्यांची नोंद, रुंदी, पाठीची जाडी, मूठ कशाची, आणि आपण त्यावर नेमके काय काम केले व कोणत्या साली.

कळावे,
आपले विश्वासू,
जुन्या वस्तऱ्यांचे काही संग्राहक